कंडेन्सर, साय आणि मेथी

पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतोय, ही तक्रार मार्च-एप्रिलमध्ये घराघरांतून ऐकू येते. काही पंखे तर बटण दाबल्यावर नुसते गुणगुणत राहतात. कुणीतरी झाडूच्या दांड्यानं पातं ढोसलं की मग कुठे हळूहळू वेग घेतात. दहा वर्षं झाली, आता नवा घेऊ, असं घरात ठरतं आणि दोन-अडीच हजारांची तयारी होते. पुष्कळदा बिघडलेली असते ती दोन वायरी फुटलेली एक छोटी चौकोनी डबी. पुस्तकात तिला कपॅसिटर म्हणतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात मात्र ‘अडीच एमएफडीचा कंडेन्सर द्या’ असं सांगायचं. पन्नास रुपयांच्या आसपास काम भागतं.

घरात येणारी वीज असते सिंगल फेजची. एवढ्यावर चालणाऱ्या मोटरला कुठल्या दिशेनं फिरायचं हे आपणहून ठरवता येत नाही. म्हणून पंख्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात आणि कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह पहिल्यापेक्षा थोडा पुढे काढतो. या पुढेमागे असण्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा हलतो. कंडेन्सरच्या पोटात धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची अतिशय पातळ फीत गुंडाळलेली असते. विजेचा दाब एकदम वाढला की त्या फितीवरचा एखादा सूक्ष्म ठिपका जळतो. कंडेन्सर बंद पडत नाही, त्याची क्षमता तेवढी घटते. वर्षानुवर्षं असे ठिपके जळत जातात आणि अडीचचा कंडेन्सर दीडवर आला की पंखा रेंगाळू लागतो. म्हणजे म्हातारी झालेली असते ती डबी. पंख्याची मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते.

बदलायची पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकवायचा नाही. आधी एमसीबी पाडायचा. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण फेजऐवजी न्यूट्रल बटणातून नेलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. मग पातं हातानं फिरवून बघायचं. मोकळं फिरून सावकाश थांबलं तर संशय कंडेन्सरवर. खरखरलं किंवा अडखळलं तर दोष बेअरिंगचा, आणि ते काम कारागिराचं. दांडीवरची वाटी सरकवली की कंडेन्सर दिसतो. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कंडेन्सरची दोन टोकं प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं एकमेकांना टेकवून उरलासुरला चार्ज काढून टाकावा. नव्यावरचा आकडा जुन्याएवढाच हवा. मोठा कंडेन्सर टाकला की पंखा जास्त पळतो, असं सांगणारे भेटतात. तो पळतोही, पण त्याचं वाइंडिंग तापतं आणि पन्नास रुपयांच्या दुरुस्तीचं पाचशे रुपयांचं काम होऊन बसतं.

इथवर हिशोब दुरुस्तीच्या बाजूनं आहे. आता तोच पंखा दुसऱ्या बाजूनं पाहू. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. बैठकीच्या खोलीत दिवसाला १५ तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. युनिट १० रुपये धरलं तर २०० रुपये. ३००० रुपयांचा पंखा सव्वा वर्षात फिटतो. पाहुण्यांच्या खोलीतला, आठवड्यातून दोन तास फिरणारा पंखा बदलला तर मात्र तो फिटायला एक आयुष्य पुरणार नाही. बिघाड एकच, घर एकच, आणि दोन खोल्यांसाठी दोन वेगवेगळी उत्तरं.

‘घरी केलं की पैसे वाचतात’ हे वाक्य म्हणूनच सरसकट खरं नाही आणि सरसकट खोटंही नाही. बाजारात आपण एखाद्या वस्तूसाठी शंभर रुपये मोजतो तेव्हा त्यातले काही कच्च्या मालाचे असतात, काही मजुरीचे, काही वाहतुकीचे आणि वेष्टनाचे, काही जाहिरातीचे. ज्या वस्तूत कच्चा माल स्वस्त आणि बाकीचं सगळं महाग, ती घरी करण्यात कमाई आहे. जी वस्तू कारखान्यात किंवा शेतात घाऊक प्रमाणात निघते आणि जिच्या किमतीत कच्च्या मालाशिवाय फारसं काही नाही, ती घरी करायला गेलं की बहुधा पदरचे पैसे जातात. कांदा कुंडीत लावू नये तो यासाठी. या कसोटीवर सर्वांत वर बसते दुरुस्ती, कारण तिथे शंभरातल्या दोन-पाच रुपयांचा भाग बदलून उरलेले पंचाण्णव रुपये वाचतात.

भारतीय मिक्सरची तर सुरुवातच एका न होऊ शकलेल्या दुरुस्तीतून झाली. १९६० च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर बंद पडला आणि तो दुरुस्त करून देणारं इथे कुणी मिळेना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. इथल्या चटण्या, डाळी आणि ओलं वाटण यांच्यापुढे टिकेल अशी मोटर घेऊन त्यांनी नवं यंत्रच उभं केलं. पुढे ‘सुमीत’ या नावानं ते घरोघरी पोचलं आणि पाटा-वरवंटा अंगणात गेला.

आजचा मिक्सर बंद पडला की तो उचलून दुकानात न्यायच्या आधी उलटा करून पाहावा. तळाशी एक छोटं, बहुधा लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटरचा पुरवठा तोडतं. पाच-दहा मिनिटं थांबून ते आत दाबलं की यंत्र पुन्हा सुरू. या एका बटणासाठी तपासणी-फी मोजलेल्या घरांची गणती कुणी केलेली नाही, करायला हवी. दुसरा नेहमीचा रोग कपलरचा. मोटर फिरते, आवाज येतो, पातं मात्र ढिम्म. मोटरवरचा आणि भांड्याखालचा दात्यांचा तुकडा झिजलेला असतो. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे पातं अडकलं तर आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी. पात्याची फिरण्याची जी दिशा, त्याच दिशेनं फिरवला की मोटरवरचा कपलर सुटतो. उलट्या दिशेनं जोर लावणारे तो आणखी घट्ट करून ठेवतात आणि मग पक्कड आणायला धावतात.

कुकरची रिंग आणि नळाचा वायसर ही तर दहा मिनिटांची कामं. रिंग कडक झाली की वाफ कडेनं सुटते, शिट्टी होत नाही आणि डाळ शिजायला दुप्पट गॅस जातो. इथे एकच पथ्य. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे आणि त्याच मापाचे घ्यावेत. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरावीक तापमानाला वितळून वाफेला वाट करून देण्यासाठी असतो आणि तिथे वीस रुपये वाचवण्यात शहाणपण नाही. गळक्या नळाचं नुकसान पाहायचं तर रात्री झोपताना त्याखाली पातेलं ठेवावं. सकाळी दीड लिटर भरलं तर दिवसाला साडेचार लिटर चाललेत. हे पैशांत मोजायला गेलं तर फार निघत नाही, कारण आपल्या बहुतेक शहरांत प्रत्येक फ्लॅटला वेगळं मीटर नसतं. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत मात्र हाच हिशोब महिन्याच्या मेंटेनन्समध्ये दिसतो.

काही वस्तूंना हात लावायचाच नाही. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो. गॅसचा रेग्युलेटर उघडायचा नसतो, बदलून घ्यायचा असतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचून पाहणाऱ्यांना काय सांगावं!

दुरुस्ती करावी असं वाटूनही करता येत नाही, हा आताचा खरा अडथळा. वस्तू स्क्रूऐवजी गोंदानं चिकटवलेल्या येतात, सुटे भाग मिळत नाहीत, मॅन्युअल कंपनीच्या कुलपात. एलईडी बल्ब हे याचं रोजचं उदाहरण. आत अल्युमिनियमच्या पट्टीवर दहा-बारा दिवे एकामागोमाग एका साखळीत जोडलेले असतात. त्यातला एक जळला की साखळी तुटते आणि सगळा बल्ब अंधारतो. जळालेल्या दिव्यावर काळा ठिपका दिसतो. गल्लीतला रेडिओ-टीव्हीवाला तो दिवा डागून बदलून देतो आणि बल्ब पुन्हा लागतो. पण वर कवच असं बसवलेलं असतं, की ते उघडण्यातच अर्धे बल्ब फुटतात.

फ्रान्सनं यावर १ जानेवारी २०२१ पासून एक उपाय केला. स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीसाठी दहापैकी गुण छापायला लावले. गिऱ्हाइकाला किमतीशेजारीच कळतं, की ही वस्तू उघडता येईल का आणि भाग मिळतील का. भारतात ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू झालं. त्यावर कंपन्यांची मॅन्युअल आणि सेवा केंद्रांची माहिती मिळते. अॅमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी २००९ मध्ये ‘रिपेअर कॅफे’ भरवला. लोकांनी बिघडलेल्या वस्तू घेऊन यायचं, जाणकारांनी शेजारी बसून त्या दुरुस्त करायला शिकवायचं. ही कल्पना पुढे बंगळुरूतही रुजली.

आपल्याकडे याच्या पुष्कळ आधी, १९८३ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून ते या दुष्काळी गावात आले. शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती आणि अन्नप्रक्रिया शिकवली, तीही गावातली खरीखुरी कामं करायला लावून. पाना धरता येणं हे शिक्षणच आहे, ही त्यांची भूमिका होती. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००२ मध्ये आपल्या देशाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा, उभारली ती याच पाबळमध्ये.

कपड्यांच्या दुरुस्तीचं गणित मात्र बदललंय. रफूचा उत्तम कारागीर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो आणि वीण उभी-आडवी पुन्हा विणतो. उत्तर प्रदेशातलं नजीबाबाद हे अशा रफूगारांसाठी ओळखलं जातं. पश्मिना शालीवर किंवा लग्नातल्या शालूवर ही कला वापरणं परवडतं. चारशे रुपयांच्या टी-शर्टवर ती वापरायला कुणी जात नाही. गोधडीचंही तसंच. जुन्या साड्यांचे थर लावून धावदोऱ्यानं कडेकडेनं आत येत शिवलेली गोधडी, सातारा-कोल्हापूरकडची वाकळ, ही एके काळी गरिबीची सोय होती. कापड फुकट, दोरा स्वस्त, वेळ बायकांचा, आणि त्या वेळेचा हिशोब कुणी मांडत नसे. आज तोच वेळ मोजला जातो, म्हणून हातशिलाईची गोधडी शहरातल्या दुकानात ब्लँकेटच्या दुपटीनं विकली जाते.

बायकांच्या वेळेचा हा मुद्दा स्वयंपाकघरात तर पावलोपावली येतो. ‘आमच्या वेळी सगळं घरी व्हायचं’ असं अभिमानानं सांगणाऱ्या पुरुषांनी त्यातल्या किती कुरडया स्वतः घातल्या होत्या, हे विचारून पाहावं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून मोठ्या पातेल्यात घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून उन्हात घालायचा. चटके बसतात, पाठ धरते. एकटीनं हे काम करणं तोट्याचं आहे. वाड्यातल्या चार-पाच जणी मिळून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असं करत, तेव्हा ते परवडत असे. पापडाचा हिशोब बायकांनीच उलटा फिरवला. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि ‘लिज्जत’ सुरू झाली. घरी फुकट जाणाऱ्या मेहनतीला तिथे मजुरी मिळू लागली. ज्याला घरचेच पापड आवडतात त्यानं ते जरूर करावेत, फक्त बचतीच्या रकान्यात लिहू नयेत.

घरी करायचं तर आधी शोधावं, की आपण पाणी कुठे विकत घेतोय. इडली-डोशाच्या तयार पिठाच्या एक किलोच्या पिशवीत तांदूळ आणि उडीद मिळून चारशे-साडेचारशे ग्रॅम असतात. उरलेलं पाणी. रात्री भिजवून सकाळी वाटण्याचा आळस एवढाच काय तो खर्च. फरशी पुसायचं आणि भांडी घासायचं द्रवही बव्हंशी पाणीच. त्यामुळे घट्ट स्वरूपातलं विकत घेऊन घरी पातळ करणं फायद्याचं. याच नादात हल्ली बायोएन्झाइमची लाट आलीय: एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली आणि दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. साली फुकट असल्या तरी दहा लिटरला किलोभर गूळ लागतो, हे विसरलं जातं. शिवाय द्रव आंबट असतो. संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशी चुन्याच्या जातीचा दगड आहे. आम्लानं तिची चकाकी जाते आणि पॉलिशवाल्याला बोलवायची वेळ येते. ग्रॅनाइट आणि सिरॅमिकला हा धोका नाही.

लोणकढ्या तुपाइतकं चोख उत्तर दुसऱ्या कुठल्या घरगुती पदार्थाला मिळत नाही, म्हणून ते नीट मांडू. फुल क्रीम दुधात सहा टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साधारण ६० ग्रॅम. दूध तापवून गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी साय काढली तर यातला निम्मा तरी सायीत येतो. रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घरात महिन्याला ९०० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश जमतो. विरजण लावणं, घुसळणं, ताकात थोडं जाणं हे सगळं वजा केलं तरी पाऊण किलो तूप पदरात पडावं. बाजारात गाईचं किंवा म्हशीचं चांगलं तूप किलोला सहाशे-सातशे रुपयांच्या पुढे आहे. महिन्याला साडेचारशे-पाचशे रुपये झाले. वर ताक मिळतं, आणि कढईच्या तळाची बेरी, जिच्यासाठी साखर घेऊन उभी राहणारी पोरं अजून सगळीच गेलेली नाहीत. टोन्ड दूध घेणाऱ्यांनी हा खटाटोप करू नये, त्यात तीनच टक्के असतात. आणि एक प्रामाणिक नोंद. हे तूप वरकमाईचं वाटलं तरी दुधाच्या पैशातच मोजलेलं असतं. चहात जाणारं दूध तेवढं पातळ झालेलं असतं. घरातल्यांना ते चालत असेल तरच हिशोब जुळतो.

तूप करताना दोन गोष्टींवर नजर ठेवली की बाकी आपोआप होतं. साय जमवायच्या डब्यात पहिल्याच दिवशी चमचाभर दही घालून ठेवावं, म्हणजे आठवडाभरानं ती कडू होत नाही. घुसळताना लोणी वर येईना, तर थंडीत थोडं कोमट आणि उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालावं. स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटायला ठरावीक तापमान लागतं, फार गार किंवा फार मऊ असले तर ते निसटतात. लोणी धुऊन जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवलं की आधी पाण्याचा चरचराट होतो. तो थांबला, फेस बारीक झाला आणि तळ बदामी दिसू लागला की गॅस बंद. आणखी दोन मिनिटं थांबण्याच्या मोहात तूप जळतं.

मसाल्याचं गणितही घरच्या बाजूनं आहे, विशेषतः कांदा-लसूण मसाल्यासारख्या वर्षभर लागणाऱ्या गोष्टीत. मार्चमध्ये नवी मिरची येते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, असं प्रमाण ठरवून घ्यायची, कडक ऊन द्यायचं, देठं खुडायची आणि मिरची कांडपावर न्यायची. तिथले दर किलोवर असतात आणि ते पाकिटातल्या मसाल्याच्या नफ्याच्या मानानं किरकोळच. बायका डोळ्यांना पदर लावून आपला घाणा संपेपर्यंत तिथेच का उभ्या राहतात, ते मसाला केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

राहिली बाग, आणि सर्वांत जास्त पैसे बुडतात ते इथेच. रंगीत कुंड्या, कोकोपीट, आयात बियाणं, झारी, स्प्रे-पंप, गुडघ्याखाली घ्यायची उशी! चार हजारांचं सामान आणून वर्षाकाठी चार किलो टोमॅटो काढणाऱ्या गृहस्थांना टोमॅटो हजार रुपये किलो पडतो. त्यांना आनंद मिळतो, तो वेगळा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून काही शहरांत दोनशेच्या घरात गेला, तेव्हा अनेकांनी तावातावानं रोपं लावली. रोपाला फळ धरून ते पिकायला दोन-सव्वादोन महिने लागतात. सप्टेंबर आला तोवर भाव इतके कोसळले होते, की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले.

जागेचा अंदाज यायला श्रीपाद दाभोळकरांची आठवण काढावी लागते. कोल्हापूरच्या या गणितज्ञानं ‘प्रयोग परिवार’ उभा केला, शेतकऱ्यांनाच संशोधक मानलं, तासगावच्या द्राक्ष बागायतदारांमध्ये प्रयोगाची चटक लावली आणि पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरते असं मांडलं. सूर्यप्रकाश हेच खरं भांडवल आणि पान हाच कारखाना, असा त्यांच्या विचाराचा गाभा. आता दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. फ्लॅटची गॅलरी ४० चौरस फुटांची असेल तर ती त्याच्या दोनशेसत्तराव्या हिश्शाएवढी झाली. तेवढ्यात घरचं पोट भरायचं नाही, घरची चव भरायची. ज्याची जुडी आणली की अर्धी फ्रिजमध्ये सडते ते तिथे लावावं: कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, ओवा, मिरच्यांची दोन झाडं. पानांना फळांइतकं ऊन लागत नाही, आणि लागेल तेव्हा चार काड्या खुडल्या की वायाही काही जात नाही.

मेथीला तर बियाण्याचंही दुकान नको. फोडणीच्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पसरट खोक्यात दाट पेरले की तीन दिवसांत कोंब वर येतात आणि तीन-चार आठवड्यांत भाजी खुडायला येते. भाजीवाल्याकडे पावसाळ्यात मेथीची जुडी दुप्पट होते, तेव्हा गॅलरीत छपराखाली असलेलं खोकं कामी येतं. खोकं आंब्याच्या पेटीचं चालतं, तेलाचा डबा आडवा कापला तरी चालतो. खाली भोकं हवीत, एवढंच. अंगण असेल तर शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर पुरून ठेवावी. पाला आणि शेंगा दोन्ही वर्षानुवर्षं फुकट मिळतात.

ऊन बघितल्याशिवाय काहीही विकत आणू नये. उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीत दुपारचं ऊन येतच नाही असं समजतात. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीला थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे तिथे उन्हाळ्याच्या शेवटी ऊन येतं, आणि ते नेमकं पावसाच्या ढगांत हरवतं. अशा गॅलरीत अळू, पुदिना, विड्याचं पान यांचं बरं चालतं. पश्चिमेच्या गॅलरीत मेमध्ये कुंडीच्या कडा एवढ्या तापतात की मुळं भाजतात, तिथे आच्छादन हवं.

हे आच्छादन आणि माती दोन्ही विकत आणायची गरज नाही, हे मुंबईत प्रीती पाटील यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात त्या खानपान अधिकारी होत्या. २००२ पासून त्यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा सुमारे ३००० चौरस फुटांच्या गच्चीवर जिरवायला सुरुवात केली आणि त्यातून पालेभाज्यांपासून फळझाडांपर्यंत सगळं उभं राहिलं. प्रेरणा दाभोळकरांच्याच विचारांची आणि मुंबईतल्या डॉ. आर. टी. दोशींच्या शहरी शेतीची. वाळलेला पाला, उसाचं चिपाड, ओला कचरा आणि जेमतेम माती एवढंच लागतं. सगळा भर मातीवर न ठेवल्यानं गच्चीवरचं ओझंही कमी होतं. घरच्या बादलीत वास यायला लागला तर कचरा जास्त ओला झालाय असं समजावं आणि वाळक्या पानांची मूठ वाढवावी.

बियाण्यावरचा खर्च कसा टाळायचा ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडून शिकावं. घेवडा, वाल, भोपळा, भात यांची गावरान वाणं त्यांनी परसबागेतून जपली, वाढवली आणि बायकांमध्ये वाटली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून पाकीट दरवर्षी घ्यावं लागतं. गावरान घेवड्याचं तसं नसतं. वेलावरच्या पहिल्या भरदार शेंगा न तोडता तशाच वाळू द्यायच्या, दाणे काढून राखेत घोळायचे, कोरड्या मडक्यात किंवा बरणीत ठेवायचे. शेजारीण एक वाण देते, आपण दुसरं.

शहरातल्या बागेची सर्वांत ठोस रोकड मात्र भाजीतून येत नाही. पुणे महापालिका गांडूळखत, पर्जन्यजल संधारण किंवा सौरऊर्जा यातला एक प्रकल्प घरी चालवणाऱ्याला मालमत्ताकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक चालवणाऱ्याला १० टक्के सवलत देते. प्रकल्प कागदावर असून चालत नाही, तो सुरू असावा लागतो. सवलत मिळणाऱ्या कराची रक्कम १०,००० रुपये असेल तर नुसत्या गांडुळांनी ५०० रुपये मिळवून दिले. एवढ्या रकमेची मेथी गॅलरीतल्या खोक्यातून काढायला पेरणीचे बरेच फेरे मारावे लागतील.